चाब्यांच्या कपाटाचे चार आकडे

पांढुर्ण्याच्या स्टेशनाकडून जाम नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर कापसातून सरकी काढायची एक जिनिंग होती. तिथल्या बासष्ट कुलपांच्या बासष्ट चाब्या एका लोखंडी कपाटात टांगलेल्या असत, आणि त्या कपाटालाच तेवढी चाबी नव्हती. दारावर चार पितळी चकत्या होत्या. प्रत्येकीवर शून्य ते नऊ आकडे कोरलेले. ठरलेले चार आकडे एका ओळीत आले की आतली दांडी खट् करून खाली पडायची. ते आकडे दोघांनाच ठाऊक असत. एक मालक, दुसरा शालिकराम खोडे.

शालिकराम मूळचा रामाकोन्याचा, चौथीपर्यंत शिकलेला. एकोणीसशे बासष्ट साली थोरल्या मालकांनी त्याला खोलीत बोलावलं, दार लावलं आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन आकडे सांगितले. वर म्हणाले, "लिहायचं नाही. बायकोले सांगायचं नाही. इथून जाशील तेव्हा माझ्याच कानात परत सांगून जाशील." तेवीस वर्षं त्याने तो शब्द पाळला. त्याची बायको पुष्पा थट्टेत म्हणायची, "माह्याशी लगीन लागलं का त्या कपाटाशी?" तो हसायचा, पण सांगायचा नाही. ती चार वर्षांपूर्वी गेली, आकडे न कळताच गेली.

त्याची स्मरणशक्ती सगळ्या गावाला माहीत होती. कोणत्या साली पूर जिनिंगच्या भिंतीला लागला, कोणाच्या लग्नात कोण रुसून निघून गेलं, कोणाचं पोर कोणत्या पोळ्याला जन्मलं, असा काही वाद निघाला की लोक म्हणत, "शालिकभाऊले विचारा." त्याने सांगितलं की वाद मिटायचा. बासष्ट चाब्यांपैकी कुठलीही हातात ठेवा, न पाहता तो सांगायचा की ही पंपघराची, ही गाठींच्या गोदामाची.

थोरले मालक वारले आणि कारभार त्यांच्या मुलाकडे, रघुनाथरावांकडे आला. ते राहायचे नागपूरला, सोमवारी यायचे. पंच्याऐंशीच्या दिवाळीनंतर शेजारच्या गावी कुठल्या तरी कारखान्यात चोरी झाली, आणि त्यांनी दोन गोष्टी केल्या. नागपूरहून मिस्त्री आणून कपाटाचे आकडे बदलले. आणि मागच्या शेडचं फाटक, जे हंगामात दिवसभर उघडं असायचं, त्याला कुलूप घातलं. बाया पदरात कापूस नेतात असा त्यांचा वहीम होता.

मागच्या शेडमध्ये अकरा बाया कापूस निवडायच्या. त्यांच्यातली जुनी केसरबाई. तीही रामाकोन्याची, शालिकरामच्याच वयाची, लहानपणी एकाच विहिरीवर पाणी भरलेली. नवरा गेल्यापासून बहिणीच्या मुलीला, प्रेमलताला, घेऊन पांढुर्ण्यात राहायची. प्रेमलताही तिच्याच शेजारी बसून कापूस निवडायची. फाटकाला कुलूप लागलं त्या दिवशी केसरबाई कचेरीच्या दारात येऊन उभी राहिली.

"काहून शालिकभाऊ, आम्ही ढोरं आहो का कोंडून ठेवायले?"

"मालकाचा हुकूम आहे केसरबाई. मी काय करू?"

"हुकूम त्याचा, पण कुलूप तर तू लावून राहिला."

तो कपाटाकडे वळला. चाबी कपाटात टांगली आणि चकत्या फिरवल्या.

नवे आकडे होते नऊ, शून्य, पाच, दोन. पाठ ठेवायला शालिकरामने मनाशी एक माळ केली होती. नवरात्र, रिकामी घागर, पांडव, बैलजोडी. पहिला महिना सुरळीत गेला. डिसेंबरातल्या एका सकाळी तो कपाटापुढे उभा राहिला आणि हात चकतीवर नुसताच टेकून राहिला. डोक्यात काहीच नव्हतं. घरातला माणूस उठून बाहेर गेला आहे आणि दार तेवढं उघडं आहे, असं काहीसं त्याला वाटलं. मग नवरात्र आलं, मागोमाग बाकीचे आले. कपाट उघडलं. पण त्याच्या मानेवर घाम होता, आणि बाहेर हिवाळा होता.

पुढल्या आठवड्यात पुन्हा तेच झालं. या वेळी फिटर दारात चाबीसाठी उभा होता.

"काय झालं जी?" फिटरने विचारलं.

"चकती घट्ट झाली," शालिकराम म्हणाला. "तेल द्या लागते."

आयुष्यात पहिल्यांदा तो कामावर खोटं बोलला. त्याने खरंच तेलाची कुपी आणली आणि सुरळीत फिरणाऱ्या चकत्यांना तेल घातलं. जानेवारीभर त्याने चार वेळा तेल घातलं. जिनिंगमध्ये सगळ्यांना कळलं की कपाटाचं कुलूप अडकतं.

घरात त्याची सून होती, वंदना. मुलगा दिलीप विजेच्या खात्यात, आमल्याला; रविवारी यायचा. जिनिंगच्या आवारातल्या त्या दोन खोल्यांत आठवडाभर सासरा आणि सून दोघंच. वंदनाच्या नजरेतून काही सुटत नव्हतं. मामाजी जेवून उठले की अर्ध्या तासाने पुन्हा पाटावर येऊन बसतात. तिला एकदा 'पुष्पा' म्हणून हाक मारली. आणि दिवसभर ओठांतल्या ओठांत काही तरी म्हणत असतात. नवरात्र, घागर, पांडव, बैल. तिला वाटलं कुठलं स्तोत्र असेल. पण स्तोत्र म्हणताना माणसाचा चेहरा असा भेदरलेला नसतो.

एका संध्याकाळी तिने धीर केला. "मामाजी, तुमच्या ध्यानात राहून नाही राहिलं आजकाल. मालकाले सांगा ना. नाही तर कुठं लिहून ठेवा."

शालिकराम ताटावरून उठला. "कोण म्हणते माह्या ध्यानात राहत नाही? पुऱ्या पांढुर्ण्यात विचार."

"पांढुर्ण्याले काय माहीत जी. मी पाहून राहिली ना."

"पुढच्या सोमवारी सांगतो," तो जरा वेळाने म्हणाला.

सोमवार आला. रघुनाथराव आले, चहा घेतला, बाहेर गावठाणात कोणाला भेटायला गेले आणि तिकडूनच गाडीने परतले. शालिकराम दिवसभर कचेरीत बसून होता. त्यांची गाडी नागपूरकडे गेल्याचं कळलं तेव्हा त्याला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याचीच त्याला भीती वाटली. त्याच्या पुढल्या सोमवारीही असंच झालं.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात, दुपारी दोनच्या सुमारास, कापसातून एखादा खडा यंत्रात गेला असावा. ठिणगी उडाली. वारा नदीकडून होता. रुईचा ढीग पेटला आणि आग ढिगावरून ढिगावर धावत मागच्या बोळात शिरली. मागच्या शेडमधून पुढे यायला तो एकच बोळ होता. दुसरी वाट म्हणजे फाटक.

"फाटक! फाटकाची चाबी!" चारी बाजूंनी ओरडा झाला.

शालिकराम कपाटापाशी पोचलाच होता. डोकं लख्ख होतं, कितीतरी दिवसांत नव्हतं इतकं लख्ख. त्याने झरझर चार आकडे लावले. चार, एक, आठ, सहा. दांडी पडली नाही. पुन्हा लावले. चार, एक, आठ, सहा. थोरल्या मालकांनी कानात सांगितलेले, तेवीस वर्षं बोटांत मुरलेले आकडे. आकडे बदलले आहेत, मिस्त्री आला होता, नवरात्राची माळ केली होती, हे सगळं जसं कधी घडलंच नव्हतं.

"काय झालं?" फिटर किंचाळला.

"कुलूप बिघडलं!" शालिकराम ओरडला. "आकडे बरोबर आहे, कुलूप बिघडलं!"

कोणालाच शंका आली नाही. शालिकभाऊ चुकत नसतो, आणि कुलूप दोन महिने अडकतच होतं. दोघा-तिघांनी कपाटावर घण घातले. जाड पत्रा दबला, फाटला नाही. मागून बायांचा आवाज येत होता, मग खोकण्याचा आवाज. शेवटी कोणाला तरी युक्ती सुचली. चार जण सब्बल, पहारी घेऊन भिंतीच्या बाहेरून धावत गेले आणि फाटकाच्या बिजागऱ्याच उपटून काढल्या. तोवर कपाटापाशी आठ-दहा मिनिटं वाया गेली होती.

नऊ बाया धुराने काळवंडलेल्या, पण आपल्या पायांनी बाहेर आल्या. केसरबाईला उचलून आणावं लागलं. डावा हात कोपरापर्यंत भाजला होता, गालही. ती प्रेमलताला ओढत आणायला मागे वळली होती. प्रेमलताला सगळ्यात शेवटी बाहेर काढलं. दोघींना जीपमधून नागपूरला नेलं.

संध्याकाळी आग विझली. शालिकराम घराच्या ओट्यावर बसला होता, हाताला काजळी तशीच. लोक येत होते, त्याच्या पाठीवर हात ठेवत होते. "तुमचा काय दोष शालिकभाऊ. कुलपानं दगा दिला." तो मान हलवत होता. लोक गेल्यावर वंदना त्याच्याजवळ येऊन बसली.

"मामाजी," ती म्हणाली, "नवरात्र मतलब नऊ का जी?"

शालिकरामने तिच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. तो उठला आणि चालू लागला. वंदना मागोमाग गेली. कचेरीत जळक्या रुईचा वास भरला होता. कपाटावर घणाचे पोचे होते, पण चकत्या शाबूत होत्या. त्याने एकेक फिरवली. नऊ. शून्य. पाच. दोन.

दांडी खट् करून पडली.

आत बासष्ट चाब्या आपापल्या खुंटीवर टांगलेल्या होत्या. फाटकाची चाबी खालच्या ओळीत, डावीकडून तिसरी. शालिकराम तिच्याकडे पाहत राहिला. मग त्याने दार लावलं, चकत्या विस्कटल्या आणि वंदनाला म्हणाला, "चल." त्याने त्या दिवशी पाणीसुद्धा घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी रघुनाथराव आले. त्यांनी शालिकरामला खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"चाळीस माणसांसमोर तुम्ही म्हणालात, कुलूप बिघडलं," ते हळू आवाजात म्हणाले. "चांगलं झालं. चौकशीचे साहेब विचारतील तेव्हा तेवढंच सांगायचं. फाटक रोज बंद असायचं का, का बंद असायचं, त्यात शिरायचं नाही. यंत्र आहे, बिघडतं. तुमची नोकरी, तुमचं क्वार्टर, कशाला धक्का लागणार नाही."

"मालक, कुलूप..."

"कुलूप बिघडलं होतं," रघुनाथराव म्हणाले आणि उठले. शालिकराम काय बोलणार होता ते त्यांना ऐकायचं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांकडे पाहून त्याला वाटलं, ह्यांना ठाऊक आहे.

तिसऱ्या दिवशी नागपूरच्या दवाखान्यात प्रेमलता गेली. एकोणीस वर्षांची होती.

चौकशीची तारीख आठवड्याने होती. त्या आठवड्यात वंदनाला सासऱ्याची जितकी भीती वाटली तितकी आगीचीही वाटली नव्हती. तो ओरडला नाही, रडला नाही. एका सकाळी अंगणात उभं राहून जळक्या भिंतीकडे बोट दाखवत त्याने विचारलं, "हे कधी जळलं?" तिने सांगितलं. तो मटकन खाली बसला. तासाभराने सगळं आठवलं तेव्हा त्याने तिला आत बोलावलं.

"दिलीपची जुनी वही आहे का घरात? लिही."

"काय लिहू जी?"

"मी सांगतो ते. चौकशीच्या दिवशी मी म्हणीन की कुलूप बिघडलं होतं. मन लावून म्हणीन, खरंच वाटून म्हणीन. तेव्हा हा कागद माह्या हातात दे."

वंदना लिहीत गेली. आकडे कधी बदलले, केव्हापासून विसरायला होत होतं, तेल कशाला घातलं, दोन सोमवार का गप्प बसला. फाटक कोणाच्या हुकमाने बंद होतं तेही. लिहिता लिहिता ती थांबली.

"मामाजी, हे घर जाईल."

"जाईल," तो म्हणाला. "पुढं काय होईल ते मले माहीत नाही. पण तू लिही."

रविवारी दिलीप आला. त्याने कागद वाचला आणि बापावर चिडला. "म्हातारपणी जेलात जायचं आहे का बाबा? कोणी विचारून नाही राहिलं तुम्हाले, अन् तुम्ही आपून सांगून राहिले." शालिकराम शांतपणे ऐकत होता. शेवटी एवढंच म्हणाला, "मले अजून आठवून राहिलं, तवर सांगू दे. पुढच्या महिन्यात मी कुठं राहीन मले माहीत नाही."

चौकशीला छिंदवाड्याहून हिंदी बोलणारे साहेब आले. कचेरीतच खुर्च्या मांडल्या. रघुनाथराव एका बाजूला. फिटरची साक्ष झाली, कुलूप दोन महिने अडकत होतं म्हणून. मग शालिकरामला बोलावलं.

"ताला जाम था क्या?" साहेबांनी विचारलं.

शालिकरामने तोंड उघडलं. "हो जी. कुलूप..." आणि तो थांबला. त्याच्या चेहऱ्यावर खरोखरचा गोंधळ होता. दारात उभ्या असलेल्या वंदनाने चार पावलं पुढे येऊन कागद त्याच्या हातात दिला. रघुनाथराव अर्धवट उठले. शालिकरामने कागद डोळ्यांजवळ धरला, पहिली दोन वाक्यं वाचली, आणि त्याला पुढचं वाचायची गरज पडली नाही.

"नहीं साहब," तो म्हणाला. "ताला अच्छा था. मैं भूल गया."

मग त्याने सगळं सांगितलं, अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत. तो कपाटापाशी गेला, कागदाकडे एकदा पाहिलं, चकत्या लावल्या आणि दार उघडून दाखवलं. फाटकाच्या हुकमाचं सांगताना त्याने मालकांकडे पाहिलं नाही.

त्याची नोकरी त्याच दिवशी सुटली. पंधरा दिवसांत खोल्या रिकाम्या कराव्या लागल्या. मालकावर फाटकाबद्दल खटला झाला, तो वर्षानुवर्षं चालला आणि थोड्या दंडावर संपला. शालिकरामला वय आणि तब्येत पाहून सोडून दिलं. दिलीपने नदीपलीकडे सावरगावात खोली घेतली. तिथले लोक शालिकरामशी बोलायचे, पण कुठल्याही वादात आता कोणी "शालिकभाऊले विचारा" म्हणत नव्हतं.

उन्हाळा संपता संपता केसरबाई दवाखान्यातून सुटून, सौंसरला दिलेल्या तिच्या मुलीकडे आल्याचं कळलं. शालिकराम म्हणाला, मला तिला भेटायचं आहे. वंदना त्याला बसने घेऊन गेली.

केसरबाई ओसरीत खाटेवर बसली होती. डावा हात आखडून पोटाशी आलेला, गालाची कातडी ओढलेली. तिने त्याला ओळखलं, बस म्हटलं नाही. तो जमिनीवर बसला.

"केसरबाई, मी विसरलो," तो म्हणाला.

"माहीत आहे मले. पेपरात आलं होतं, लेकीनं वाचून दाखवलं."

"माफ कर म्हणत नाही मी."

"म्हणू नको." केसरबाईचा आवाज धुराने कायमचा बसला होता, त्यामुळे ती जे काही म्हणायची ते कानात सांगितल्यासारखं वाटायचं. "विसरणं काय, माणूस विसरते. माही माय मले विसरली होती मरताना. त्याचा राग नाही शालिकभाऊ. पण तुले ठाऊक होतं की तू विसरून राहिला. दोन महिने ठाऊक होतं. अन् तू रोज सकाळी ते कुलूप लावून राहिला, आम्ही आत असताना."

शालिकराम तिच्या आखडलेल्या हाताकडे पाहत राहिला.

"पोरगी मले 'मावशी, चाबी घेऊन येऊन राहिले ना?' म्हणे. मी म्हटलं, शालिकभाऊ आहे, आता आणते." मग ती तोंड फिरवून मुलीला म्हणाली, "त्यांना पाणी दे. उन्हाचे आले."

पाणी पिऊन ते निघाले. केसरबाईने त्यांच्याकडे वळून पाहिलं नाही. सौंसरच्या बसस्टँडवर उन्हं उतरली होती. शालिकराम बाकावर बसला, हात मांडीवर ठेवून. बस लागली. कंडक्टर खाली उतरून गिऱ्हाइकं गोळा करत त्याच्यापाशी आला.

"कुठं जायचं बाबा?"

शालिकराम त्याच्याकडे पाहत राहिला. मागे लोक चढत होते, ड्रायव्हरने हॉर्न दिला. कंडक्टरने पुन्हा विचारलं. शालिकरामचे ओठ हलले, काही तरी ठोकून द्यावं तसे, आणि मिटले. मग तो वंदनाकडे वळला.

"मले नाही आठवत," तो म्हणाला. "तू सांग."